औषध उपसून टाकणारी पेशी

अमेरिकेतील बॉस्टन शहरातले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४८ सालच्या जून महिन्यात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तीव्र रक्तकर्करोग झालेल्या १६ मुलांना त्यांनी अमिनोप्टेरिन नावाचे औषध दिले होते आणि त्यांपैकी १० मुलांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली होती. या रोगावर तोवर काहीच इलाज नव्हता, म्हणून ही बातमी फार मोठी होती. पण सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत रोग परतला, आणि परतलेल्या रोगावर तेच औषध चालेनासे झाले.

औषध तेच, मूल तेच, रोगही तोच. मग बदलले काय? गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षे कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न छळतो आहे. त्याचे उत्तर एक नाही, अनेक आहेत. त्यांपैकी एका उत्तराची ओळख आपण या लेखात करून घेणार आहोत. त्याचा संबंध आपण वर्गात नेहमी शिकवतो त्या दोन पाठांशी आहे : पेशीपटलातून होणारे पदार्थांचे वहन आणि नैसर्गिक निवड. हे दोन पाठ पुस्तकात एकमेकांपासून दूर असतात. रुग्णाच्या शरीरात मात्र ते एकत्र येतात.

एक कोडे

कर्करोगाच्या पेशी एखाद्या औषधाला दाद देईनाशा होतात, हे समजण्यासारखे आहे. औषध ज्या प्रथिनाला जाऊन चिकटते ते प्रथिन बदलले, की औषध निष्फळ ठरेल. कुलूप बदलले की जुनी किल्ली लागत नाही, तसेच हे. पण मग दुसऱ्या कुलपाची दुसरी किल्ली लागायला हवी. म्हणजे वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध चालायला हवे.

न्यूयॉर्कमधील संशोधिका जून बीडलर आणि त्यांचे सहकारी हान्सयॉर्ग रीम यांनी १९७० मध्ये याच्या उलट अनुभव नोंदवला. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी त्यांनी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि त्यांना अॅक्टिनोमायसिन-डी या औषधाची हळूहळू वाढती मात्रा दिली. बहुतेक पेशी मेल्या, थोड्या तगल्या. तगलेल्या पेशींची पुढची पिढी त्या औषधाला दाद देईना, यात नवल नव्हते. नवल हे, की ज्या औषधांशी त्या पेशींचा कधीच संबंध आला नव्हता अशा कित्येक औषधांनाही त्या दाद देईनात.

ही औषधे कोणती होती ते पाहा. अॅक्टिनोमायसिन आणि डॉनोरुबिसिन ही मातीतल्या जीवाणूंपासून मिळतात. ती डीएनएला चिकटतात. व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही आपल्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळतात. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका तयार होण्यात ती अडथळा आणतात. त्यांचे उगम वेगळे, रेणूंचे आकार वेगळे, कामाच्या जागा वेगळ्या. एकाच पेशीने इतकी सगळी कुलपे एका वेळी बदलली असतील, हे पटण्यासारखे नव्हते. दुसरी शक्यता अशी, की किल्ल्या कुलपांपर्यंत पोचतच नसाव्यात.

गळकी नाव

गळक्या नावेत पाणी शिरते आणि नावाडी डबड्याने ते उपसत राहतो. नाव तरंगते आहे एवढेच पाहणाऱ्याला दोन शक्यता दिसतील : एक तर नाव गळत नाही, किंवा कोणी तरी पाणी उपसते आहे. यांतले खरे कोणते हे कळण्यासाठी नावाड्याचे हात थांबवून पाहावे. पाणी चढू लागले, तर उपसा चालू होता हे सिद्ध होते.

डेन्मार्कचे केल्ड डानो यांनी १९७३ मध्ये पेशींच्या बाबतीत नेमके हेच केले. औषधाला दाद न देणाऱ्या कर्कपेशींमध्ये डॉनोरुबिसिन कमी साठते, हे ठाऊक होते. डानो यांनी पेशीची ऊर्जानिर्मिती रोखणारी रसायने वापरली. ऊर्जा मिळेनाशी होताच त्या पेशींत औषध साठू लागले. म्हणजे औषध आत शिरत होते. पेशी ऊर्जा खर्चून ते बाहेर फेकत होती. हे साधे विसरण नव्हते, सक्रिय वहन होते. आणखी एक गोष्ट दिसली. सदाफुलीच्या वर्गातले औषध सोबत दिले, तरीही डॉनोरुबिसिनचा उपसा मंदावत होता. एका डबड्यात एका वेळी एकच काही तरी मावावे, तसा हा प्रकार. दोन्ही औषधे बाहेर काढणारा पंप बहुधा एकच होता.

असा पंप किती फरक पाडू शकतो, हे साध्या गणिताने पाहू. येथे आम्ही घेतलेले आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. समजा, पेशीबाहेर औषधाची पातळी १०० आहे. औषध आत झिरपण्याचा वेग बाहेरच्या पातळीच्या प्रमाणात आहे आणि बाहेर झिरपण्याचा वेग आतल्या पातळीच्या त्याच प्रमाणात आहे. पंप नसेल, तर आतली पातळी १०० झाली की येणे आणि जाणे समान होते. आता पंपामुळे बाहेर जाण्याचा वेग दसपट झाला असे धरा. मग आतली पातळी अवघी १० असतानाच येणे-जाणे समान होईल. आत पुन्हा १०० हवे असेल, तर बाहेरची पातळी १००० करावी लागेल.

कागदावर हे सोपे आहे. माणसाच्या शरीरात नाही. कर्करोगाची बहुतेक जुनी औषधे वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींना मारतात. अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशी, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे यांनाही त्यांचा मार बसतो. सुरुवातीची मात्राच शरीराला कशीबशी सोसणारी असते. ती दसपट केली, तर कर्कपेशींच्या आधी रुग्णच दगावेल. म्हणून पेशीतला हा लहानसा उपसा रुग्णाच्या जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो.

पंपाचा शोध

पंप आहे असे मानले, तर तो पेशीपटलात कोठे तरी सापडायला हवा. कॅनडातील टोरांटो येथे जुलियानो आणि व्हिक्टर लिंग हे हॅमस्टरच्याच पेशींवर काम करीत होते. त्यांनी निवडलेले विष होते कोल्चिसिन. आपल्याकडे पावसाळ्यात लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणाऱ्या कळलावीत हेच द्रव्य असते. कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या पेशींच्या पटलात त्यांना १९७६ मध्ये एक मोठे प्रथिन आढळले. त्याचे रेणुभार सुमारे १,७०,००० होते आणि त्याला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या होत्या. पेशी जितकी अधिक निबर, तितके हे प्रथिन तिच्या पटलात अधिक.

शर्करा जोडलेल्या प्रथिनाला ग्लायकोप्रोटीन म्हणतात. पटलाची पार्यता, म्हणजे पदार्थ आरपार जाऊ देण्याचा गुण, या प्रथिनामुळे बदलत असावा असे त्यांना वाटले. पार्यतेच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर घेऊन त्यांनी त्याला पी-ग्लायकोप्रोटीन हे नाव दिले. पुढे ते पंपाचे काम करते असे ठरले, तरी नाव तेच राहिले.

दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, या प्रथिनाचे जनुक वाचण्यात यश आले. मानवात ते सातव्या गुणसूत्रावर आहे. हे प्रथिन १,२८० अमिनो आम्लांचे असून त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांसारखे आहेत. त्याचा क्रम इतर ज्ञात प्रथिनांशी जुळवून पाहिला, तेव्हा ते जीवाणूंच्या पटलातील वाहक प्रथिनांशी मिळतेजुळते निघाले. जीवाणू अशाच प्रथिनांच्या साहाय्याने काही पदार्थ आत घेतात आणि काही बाहेर टाकतात. म्हणजे हा पंप कर्करोगाने नव्याने बनवलेला नाही. जीवसृष्टीत तो फार प्राचीन काळापासून आहे.

पंप चालतो कसा?

पी-ग्लायकोप्रोटीनचा रेणू पेशीपटलात आरपार रोवलेला असतो. प्रथिनाची साखळी पटलातून १२ वेळा ये-जा करते आणि हे बारा खांब मिळून मध्ये एक पोकळी तयार होते. पेशीच्या आतल्या बाजूला दोन गोलसर भाग लोंबत असतात. त्यांना एटीपीचे रेणू जोडले जातात. एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतोच.

विश्रांतीच्या स्थितीत पोकळीचे तोंड आतल्या बाजूला उघडे असते. औषधाचा रेणू तिच्यात शिरतो. मग दोन एटीपी जोडले जाऊन खालचे दोन गोल भाग एकमेकांना भिडतात. त्यामुळे वरचे खांब सरकतात, आतले तोंड मिटते आणि बाहेरचे उघडते. औषध बाहेर पडते. एटीपीचे विघटन झाले, की पंप पुन्हा पहिल्या स्थितीत येतो. कपड्याला लावायच्या चिमट्याची एक बाजू दाबली की दुसरी उघडते, साधारण तशी ही रचना आहे. उंदराच्या पी-ग्लायकोप्रोटीनची त्रिमितीय रचना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर अतिशीत तापमानात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने रेणूंची चित्रे घेण्याचे तंत्र प्रगत झाले आणि मानवी पंपाच्या वेगवेगळ्या स्थितीही पाहता आल्या.

येथे एक प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारील. विकर आणि त्याचे लक्ष्य यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे नेमके असते, असे आपण शिकवतो. मग हा एक पंप इतक्या वेगवेगळ्या आकारांचे रेणू कसे ओळखतो? उत्तर असे, की त्याची पोकळी ऐसपैस आहे आणि तिच्या भिंती मुख्यतः स्निग्धप्रिय अमिनो आम्लांच्या आहेत. निरनिराळे रेणू तिच्या निरनिराळ्या भागांना चिकटू शकतात. शिवाय औषधाने पेशीद्रवात पोचावे, याची पंप वाट पाहत नाही. पेशीपटल स्निग्ध पदार्थांचे असते. स्निग्धात विरघळणारे औषध त्यातून पार होत असतानाच पंप त्याला पकडतो. दिंडी दरवाजातून वाड्यात शिरणाऱ्याला देवडीवरच अडवून परत पाठवावे, तसे हे आहे. म्हणून पाण्यात सहज विरघळणारी कित्येक औषधे या पंपाच्या तावडीत येत नाहीत, पण स्निग्धप्रिय आणि आकाराने मोठी अशी पुष्कळ औषधे येतात.

पेशी शिकत नाही, निवडली जाते

‘पेशींना औषधाची सवय झाली’ असे आपण बोलताना सहज म्हणतो. हा शब्दप्रयोग वर्गात जपून वापरावा असे आम्हाला वाटते. सवय हा शब्द एकाच पेशीत झालेला बदल सुचवतो. औषधाच्या संपर्काने काही पेशींत पंपाचे जनुक अधिक काम करू लागते, हे खरे आहे. पण मुख्य प्रक्रिया निवडीची आहे.

एक ग्रॅम वजनाच्या गाठीत दहा कोटी ते शंभर कोटी पेशी असू शकतात. त्या सगळ्या सारख्या नसतात. पेशीविभाजनात चुका होत राहतात. एखाद्या पेशीत पंपाच्या जनुकाच्या जादा प्रती तयार होतात, एखादीत त्या जनुकाचे नियंत्रण सैल होते. औषध नसताना अशा पेशीला काही फायदा नसतो. ती गर्दीत लपलेली असते. औषध दिले, की पंप कमी असलेल्या पेशी मरतात. ही पेशी जगते आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिचीच संतती वाढते. गाठ आधी आक्रसते आणि मग पुन्हा वाढते. बाहेरून ती तीच गाठ दिसते, पण आतली वस्ती बदललेली असते. डार्विनने बेटांवरच्या पक्ष्यांविषयी जे मांडले, ते येथे एका शरीरात काही महिन्यांत घडते.

यावर उपाय म्हणून एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली. तिच्यामागचे गणित सोपे आहे. समजा, पहिल्या औषधातून वाचणारी पेशी दहा लाखांत एक आहे आणि दुसऱ्या औषधातून वाचणारीही दहा लाखांत एक आहे. या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील, तर दोन्ही औषधांतून वाचणारी पेशी एक लाख कोटींत एक असेल. तेवढ्या पेशी सहसा गाठीत नसतातच. म्हणून दोन औषधे मिळून काम फत्ते होईल.

पण या गणितात एक अट दडलेली आहे : ‘एकमेकींवर अवलंबून नसतील, तर’. एकच पंप दोन्ही औषधे बाहेर टाकत असेल, तर ही अट मोडते. मग दोन्ही औषधांतून वाचणारी पेशी दहा लाखांत एक एवढीच दुर्मीळ राहते, आणि गाठीत अशा शेकडो पेशी असू शकतात. एकाच कारणाने अनेक औषधे निकामी होण्याच्या या प्रकाराला बहुऔषधरोध म्हणतात. तो इतका घातक का, हे या गुणाकारावरून ध्यानात येते. रक्तकर्करोगाच्या मुलांसाठी १९६० च्या दशकात जे पहिले चार औषधांचे मिश्रण यशस्वी ठरले, त्यात सदाफुलीतल्या व्हिन्क्रिस्टिनबरोबर मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन होते. यांपैकी मेथोट्रेक्सेट व मर्कॅप्टोप्युरिन ही पी-ग्लायकोप्रोटीनच्या तावडीत सहसा येत नाहीत. तेव्हा पंपाची कोणाला कल्पनाही नव्हती. निवड अनुभवाने झाली होती.

पंप मुळात कशासाठी?

कर्करोगाशी सामना देण्यासाठी आपण जे औषध शोधावे, ते बाहेर फेकणारे यंत्र आपल्याच जनुकांत का असावे? निरोगी माणसाच्या शरीरात हा पंप कोठे कोठे आहे, ते पाहिले की याचा उलगडा होतो. तो आतड्याच्या अस्तरात आहे, यकृतात पित्तनलिकेकडच्या बाजूला आहे, मूत्रपिंडात आहे, गर्भवतीच्या वारेत आहे आणि मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत आहे. ही सगळी शरीराची नाकी आहेत. अन्नातून येणारी वनस्पतींची आणि जीवाणूंची विषे येथे अडवली जातात किंवा बाहेर टाकली जातात. वनस्पती स्वतःच्या रक्षणासाठी विषे बनवतात, आणि प्राणी ती खाऊनही जगतात ते अशा रखवालदारांच्या जोरावर. आता आपल्या औषधांकडे पाहा. सदाफुली, कळलावी, मातीतले जीवाणू. कर्करोगावरची कित्येक औषधे मुळात याच विषांपैकी आहेत. रखवालदाराने त्यांना ओळखले, यात त्याचा काय दोष?

या रखवालदाराचे महत्त्व एका अपघाताने ठसठशीतपणे पुढे आले. ॲम्स्टरडॅममधील अल्फ्रेड शिंकेल, पीट बोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी पी-ग्लायकोप्रोटीनचे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. हे उंदीर निरोगी दिसत होते. पुढे उंदरांना बारीक किडींचा उपद्रव झाला, म्हणून त्यांच्यावर आयव्हरमेक्टिन या नेहमीच्या कीटकनाशकाची फवारणी केली. साध्या उंदरांना काही झाले नाही. जनुक नसलेले उंदीर मात्र मेले. तपासात त्यांच्या मेंदूत आयव्हरमेक्टिनची पातळी साध्या उंदरांच्या सुमारे ९० पट आढळली. मेंदूच्या वेशीवरचा रखवालदारच नव्हता. हे संशोधन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोली जातीच्या काही कुत्र्यांना हेच औषध बाधते, हे पशुवैद्यांना आधीपासून ठाऊक होते. त्या कुत्र्यांच्या याच जनुकात चार अक्षरे गळालेली आहेत, असे २००१ मध्ये कळले.

घरगुती उदाहरणही देता येईल. जुलाबावर दिले जाणारे लोपेरामाइड हे औषध अफूच्या वर्गातल्या औषधांशी नाते सांगणारे आहे. तरी नेहमीच्या मात्रेत ते आतड्यावर परिणाम करते आणि मेंदूला गुंगी आणत नाही. मेंदूच्या वेशीवरचा पंप त्याला परत पाठवतो, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

आता कर्करोगाचे आणखी एक कोडे सुटते. मूत्रपिंड, मोठे आतडे, यकृत यांचे कर्करोग जुन्या औषधांना पहिल्यापासूनच फारसे जुमानत नाहीत. या अवयवांच्या मूळ पेशींतच पंप भरपूर असतात, आणि त्यांच्यापासून झालेल्या कर्कपेशी तो वारसा घेऊनच येतात. याला इतर कारणेही आहेत, पण हे त्यांतले एक आहे.

पंप अडवण्याचे प्रयत्न

पंप सापडला, तेव्हा तो बंद पाडण्याची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. जपानचे ताकाशी त्सुरुओ यांनी १९८१ मध्ये दाखवले, की हृदयविकारावरचे व्हेरापामिल हे औषध सोबत दिले, तर व्हिन्क्रिस्टिनला न जुमानणाऱ्या उंदरांच्या कर्कपेशी पुन्हा त्याला बळी पडतात. व्हेरापामिल पंपाच्या पोकळीत अडकून बसते आणि औषध पेशीत साठते. सगळीकडे आशा पालवली.

रुग्णांवर प्रयोग झाले, तेव्हा अडचण कळली. पंप अडवण्यासाठी व्हेरापामिलची जेवढी पातळी रक्तात लागते, तेवढी हृदयाला सोसत नाही. मग अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिन तपासले गेले. त्याच्यापासून व्हाल्स्पोडार हे अधिक प्रभावी औषध तयार झाले. ते पंप चांगला अडवी. पण कर्कपेशींतला पंप आणि यकृतातला पंप यांत त्याला भेद करता येत नव्हता. पंप बंद झाल्यावर यकृत व मूत्रपिंडातून कर्करोगाच्या औषधांचा निचरा मंदावला. यकृतात औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांनाही व्हाल्स्पोडारने रोखले. त्यामुळे रक्तातली विषारी पातळी वाढली आणि मूळ औषधाची मात्राच घटवावी लागली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे झाले.

पुढच्या पिढीतली औषधे केवळ पंपालाच चिकटतील अशी बनवली गेली. झोसुक्विडार हे त्यांपैकी एक. साठीच्या पुढच्या ४४९ रक्तकर्करुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. झोसुक्विडार घेतलेल्या गटाचे आयुष्य दुसऱ्या गटाहून वाढले नव्हते. त्याआधी २००१ मध्ये सायक्लोस्पोरिनच्या एका चाचणीत रुग्णांना लाभ झाल्याचे दिसले होते, पण अशा प्रकारच्या बहुतेक चाचण्यांच्या पदरी निराशाच आली. कर्करोगाचा औषधरोध मोडण्यासाठी पंप अडवणारे एकही औषध आजवर नित्याच्या उपचारात रुजलेले नाही.

असे का व्हावे? एक कारण आपण पाहिले : हा पंप शत्रूचा नाही, आपलाच आहे. दुसरे कारण, पंप एकच नाही.

पंपाचे भाऊबंद

कॅनडातील किंग्स्टन येथे सुझन कोल आणि रॉजर डीली यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या अशा पेशी मिळाल्या, की त्या अनेक औषधांना दाद देत नव्हत्या, पण त्यांत पी-ग्लायकोप्रोटीन वाढलेले नव्हते. त्यांच्यात १९९२ मध्ये दुसरा पंप सापडला. तो काही औषधे ग्लुटाथायोन या पेशीतल्या संरक्षक रेणूच्या सोबतीने बाहेर काढतो. पुढे १९९८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत तिसरा पंप आढळला. या सर्वांचे कुळ एकच. एटीपी जोडणाऱ्या भागावरून त्याला एबीसी कुळ म्हणतात, आणि मानवात या कुळाची ४८ जनुके आहेत. सगळीच औषधे बाहेर टाकतात असे नाही. पण एक दार अडवले, तर दुसरे वापरणारी पेशी गाठीत असू शकते.

तिसऱ्या पंपाचा आपल्या सह्याद्रीशी एक धागा जुळतो. कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून वेगळे केले. यांतले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. सह्याद्रीत आढळणाऱ्या नरक्या या झाडातही हेच द्रव्य असते आणि त्यापायी या झाडाची बेसुमार तोड झाली आहे. त्यापासून बनवलेले टोपोटेकान हे औषध हा तिसरा पंप बाहेर टाकतो.

वहनाची दुसरी बाजूही विसरता कामा नये. काही औषधे पटलातून आपोआप झिरपत नाहीत. त्यांना आत नेणारे वाहक लागतात. मेथोट्रेक्सेट हे फोलिक आम्लासारखे दिसते आणि फोलेटच्या वाहकाबरोबर आत जाते. सिसप्लॅटिनच्या काही भागाला आत नेण्यात तांब्याच्या वाहकाचा हात असतो. पेशीने असा वाहक गमावला, की पंपाशिवायच औषध बाहेर राहते. म्हणजे एकीकडे उपसा वाढवणे आणि दुसरीकडे दार लावून घेणे, असे दोन्ही डाव वाहक प्रथिनांचेच आहेत. शिवाय कर्कपेशी डीएनएची दुरुस्ती वाढवतात, औषधाचे लक्ष्य बदलतात, मरण्याची आज्ञा धुडकावतात. रुग्णाच्या गाठीत हे सगळे एका वेळी चालू असू शकते. त्यामुळे पंप अडवूनही यश का आले नाही, हे समजते.

पुढची वाट

संशोधकांनी आता प्रश्न उलटा मांडला आहे. पंप अडवता येत नसेल, तर पंपाला ओळखू न येणारे औषध बनवावे. कॅबाझिटॅक्सेल हे त्याचे उदाहरण. टॅक्सॉलच्या कुळातले हे औषध पी-ग्लायकोप्रोटीनच्या पकडीत कमी सापडते. आधीचे औषध निकामी ठरलेल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचे लोर्लाटिनिब तर मेंदूच्या वेशीवरच्या पंपाला चुकवता यावे, या हेतूनेच रचले गेले. कारण तो कर्करोग मेंदूत पसरतो. नवे औषध तयार करताना ते या पंपांच्या तावडीत सापडते का, हे आता सुरुवातीलाच तपासतात.

यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्या रक्तकर्करोगापासून आपण सुरुवात केली, तो झालेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले श्रीमंत देशांत आज वाचतात. त्यांच्या उपचारात सदाफुलीतले व्हिन्क्रिस्टिन अजूनही आहे. औषधे विचारपूर्वक एकत्र गुंफल्याचे हे फळ आहे.

वर्गात हा विषय घेताना आणखी दोन दाखले जोडता येतील. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या कित्येक जीवाणूंमध्ये असेच पंप असतात. क्लोरोक्विनला न जुमानणारा हिवतापाचा परजीवीही एका बदललेल्या वाहक प्रथिनाच्या मदतीने ते औषध त्याच्या कामाच्या जागेवरून हलवतो. आणि प्रयोगशाळेत त्यालाही व्हेरापामिलने काही अंशी रोखता येते. जीवाणू, परजीवी आणि आपल्याच शरीरातली बंडखोर पेशी हे तिघे एकमेकांपासून किती दूर! पण विषाशी गाठ पडली, की तिघेही एकच जुनी युक्ती वापरतात. पेशीपटलाचा पाठ शिकवताना विद्यार्थ्यांनी ‘हे शिकून उपयोग काय?’ असे विचारले, तर त्यांना ही हकिकत सांगावी. आणि पंप आपलाच असताना तो फक्त गाठीतच कसा बंद पाडायचा, हा अजून न सुटलेला प्रश्नही त्यांच्यापुढे ठेवावा.